चट्टीवरचा मुक्काम

सातारा आगारात सत्तावीस वर्षं मी कंडक्टर होतो. त्यातली निम्मी तरी वस्तीच्या गाडीवर गेली. संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन गावात जायचं, रात्री तिथेच पडायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचं. जावळीतल्या, पाटणकडच्या डोंगरातल्या गावांत देवळाची ओवरी, शाळेचा व्हरांडा, धो धो पावसात गाडीचीच मागची लांब सीट, असं सगळीकडे झोपलो. परक्या गावात अंधार पडल्यावर पाठ टेकायला कोरडी जागा मिळणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

निवृत्तीनंतर बुलेट घेतली आणि आमच्याकडच्या मोटरसायकलवाल्या मंडळींबरोबर हिमालयात जायला लागलो. अकरा गाड्या, तेरा माणसं. कामं वाटलेली आहेत. एक जण क्लच केबल, प्लग, ट्यूब, चेन लिंक सांभाळतो, एक जण हिशेब ठेवतो. मुक्कामाचं मी बघतो.

गटासाठी जागा बघताना आधी गाड्या बघाव्या लागतात. अकरा गाड्या मावतील असं सपाट अंगण हवं आणि ते रस्त्यापासून फार खाली नको. पहाटे थंड इंजिनावर ओला चढ चढवताना भले भले आडवे होतात. मग बूट, हातमोजे, रेनकोट वाळत घालायला छप्पर. पहाटे पाचला बादलीभर गरम पाणी. आणि तेरा जण एकत्र जेवायला बसतील एवढी पडवी. दिवसभर प्रत्येक जण आपल्या हेल्मेटात एकटा असतो. कोणाचा ब्रेक सैल झालाय, कोणाला ताप भरलाय, हे रात्रीच्या पंगतीत कळतं.

अशी जागा पूर्वी कशी शोधत असतील, हा प्रश्न मला बद्रीनाथच्या रस्त्यावर पडला. त्याला घरचंही एक कारण होतं. माझी पणजी बद्रीकेदारला चालत जाऊन आली होती. तिने आणलेला गंगेचा सीलबंद गडू अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. आजी तिच्याकडून ऐकलेलं एक वाक्य नेहमी सांगायची : "चट्टीवर शिधा घेतला की भांडी अन्‌ जागा फुकट." लहानपणी मला चट्टी म्हणजे कापडाची घडी वाटायची.

चट्टी म्हणजे यात्रेच्या पायवाटेवरचा मुक्काम. ऋषिकेश सोडलं की आपला डांबरी रस्ता गंगेच्या उजव्या तीराने सुमारे सत्तर किलोमीटरवर देवप्रयागला पोचतो. जुनी पायवाट मात्र लक्ष्मणझुल्यापासून डाव्या तीराने जायची. गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी, बिजनी, महादेवचट्टी, व्यासचट्टी अशी तिची स्टेशनं. १८१५ साली गुरख्यांचा पराभव झाल्यावर गढवालचे दोन भाग झाले. पलीकडचा तीर इंग्रजांकडे गेला, अलीकडचा टिहरीच्या राजाकडे राहिला. वर जाताना नदी आपल्या उजव्या हाताला असते. एखाद्या वळणावर गाडी थांबवून समोरच्या डोंगराकडे पाहिलं, की झाडीतून आडवी गेलेली एक बारीक रेघ दिसते. मला पहिल्यांदा ती दाखवली एका चहावाल्याने. पणजी त्या रेघेवरून गेली होती आणि मी इकडून पाचव्या गिअरमध्ये चाललो होतो, हे कळल्यावर मी तिथे बराच वेळ बसून राहिलो.

हरिद्वारला रेल्वे १८८६ साली आली. तिथून पुढे सगळं पायी. म्हातारी माणसं कंडीत, म्हणजे हमालाच्या पाठीवरच्या वेताच्या टोपलीत बसून जात. ऐपतवाल्यांना दांडी नाहीतर झंपान, म्हणजे माणसांनी खांद्यावरून न्यायची डोली. बाकीचे काठी टेकत दिवसाला आठ-दहा मैल चालायचे, आणि चट्ट्या त्या चालीच्या मापाने वसल्या होत्या. दर दोन-चार मैलांवर एक. सकाळी लवकर निघायचं, उन्हं तापायच्या आत एका चट्टीवर पोचून स्वयंपाक करायचा, दुपारी पडायचं, तिसऱ्या प्रहरी पुढची एखादी चट्टी गाठायची. पाय दुखावला तर अलीकडच्या चट्टीवर थांबता यायचं. मुक्काम कुठे पडणार ते पायांवर अवलंबून असे.

चट्टी बांधायला फार काही लागत नसे. दगडी भिंत, वर गवताचं किंवा पाटीच्या दगडांचं छप्पर, पुढची बाजू बहुधा उघडी, जमीन शेणाने सारवलेली, आणि एका ओळीत चुली. एका कोपऱ्यात चट्टीवाल्याचं दुकान : पीठ, तांदूळ, डाळ, तूप, मीठ, गूळ, लाकडं. जवळच्या गावातला शेतकरी देवळाची कपाटं, म्हणजे दारं, उघडायच्या सुमारास, वैशाखात, खाली येऊन दुकान मांडायचा आणि थंडीला दार लावून घरी जायचा. जागेचं भाडं नाही. त्याच्याकडून शिधा घ्या. भांडी तो देईल, जागा तो देईल. जसजसं वर जावं तसा शिध्याचा भाव चढत जायचा, कारण प्रत्येक शेर खेचराच्या, शेळीमेंढीच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून आलेला असे. माणा आणि नीती खोऱ्यातले भोटिया व्यापारी मेंढ्यांच्या पाठीवर लोकरीच्या दुहेरी पिशव्या टाकून धान्य वर न्यायचे आणि तिबेटचं मीठ खाली आणायचे.

हा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो. धर्मशाळाही होत्या, आणि त्यांचं मोठेपण मी कमी लेखत नाही. बद्री आणि केदार इथल्या अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळांचं नाव घेतलं की आमच्याकडची माणसं अजून हात जोडतात. काळी कमलीवाले बाबा म्हणून ओळखले जाणारे स्वामी विशुद्धानंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋषिकेशहून वरपर्यंत धर्मशाळा आणि सदावर्तं उभी केली. साधू-बैराग्यांना त्यांचाच आधार होता. त्याच्याही आधीपासून इथल्या काही गावांचा सारा देवाच्या आणि यात्रेकरूंच्या अन्नासाठी लावून दिलेला होता. ट्रेल नावाच्या कुमाऊंच्या इंग्रज कमिशनरने १८२०-३०च्या दशकात त्याच पैशातून यात्रेचा रस्ता नीट करवून घेतला. पण दान करणारा दाता लागतो, आणि तो सगळीकडे पुरत नाही. चट्टीला दाता लागला नाही. ज्याच्या गाठीला थोडे पैसे आहेत असा साधा माणूस पीठ विकत घेऊन, कोणाचे उपकार न मानता, हक्काने झोपायचा.

याच डोंगरात इंग्रज साहेबाच्या मुक्कामाची तऱ्हा निराळी होती. तो डाकबंगल्यात उतरायचा, आणि त्याची सोय गावाने करायची. सामान वाहून न्यायचं ते कुली-उतार, बिनपगारी राबायचं ते कुली-बेगार, आणि दूध, कोंबडी, लाकूड, गवत पुरवायचं ते बर्दायश. कोणाची पाळी कधी, ते पधानाच्या, म्हणजे गावच्या मुखियाच्या, रजिस्टरात लिहिलेलं. १९२१च्या जानेवारीत उत्तरायणीच्या जत्रेला बागेश्वरला हजारो माणसं जमली, बद्रीदत्त पांडे पुढे होते, आणि गावोगावच्या पधानांनी ती रजिस्टरं सरयूच्या पाण्यात सोडून दिली. त्याच महिन्यात गढवालात ककोडाखालला अनसूया प्रसाद बहुगुणांनी लोकांना उभं केलं. एका रस्त्यावर एक माणूस शिधा विकत घेऊन झोपत होता आणि दुसऱ्याच्या झोपेसाठी गावाला फुकट राबावं लागत होतं. जुने डाकबंगले मला आवडतात, त्यांच्या जागा हेरणाऱ्याची नजर चांगली होती. पण त्यांच्या व्हरांड्यात बसलो की हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

चट्टीतलं निजणं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. माणसं खेटून झोपायची, माशा असायच्या, पाणी बिघडलं की कॉलरा यात्रेबरोबरच चालत वर जायचा. आणि एका काळात याहून मोठी भीती होती. रुद्रप्रयागच्या जरा खाली, रस्त्याला लागूनच गुलाबराई आहे. तिथे जिम कॉर्बेटने नरभक्षक बिबट्या मारला त्या जागी स्मारक आहे. १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारदरबारी १२५ माणसांची नोंद त्याच्या नावावर लागली. गुलाबराईला तेव्हा चट्टी होती, ती चालवणाऱ्या पंडितावरही बिबट्याने झडप घातली होती, आणि तो वाचला. पुढची बाजू उघडी असलेल्या छपराखाली पन्नास-साठ माणसं अंगाला अंग लावून झोपली आहेत आणि रात्री कोणाचा श्वास थांबला ते शेजारच्याला सकाळी कळतंय, हे कॉर्बेटच्या पुस्तकातून वाचल्यापासून, खोलीला कडी आतून नीट लागते का, हे मी तपासतोच. आम्ही दर वर्षी गुलाबराईला पाच मिनिटं थांबतो.

आमच्या साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१२ साली स्वामी आनंदांबरोबर हिमालयात पायी हिंडले आणि त्या प्रवासावर त्यांनी गुजरातीत लिहिलं. आमच्या गावचा माणूस त्या वाटेने गेला होता हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं, याची खंत आहे.

मग मोटर आली. खालून रस्ता टप्प्याटप्प्याने वर सरकत राहिला. १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याच्या गरजेने कामाला जोर आला, आणि साठचं दशक सरता सरता बस थेट बद्रीनाथला जाऊ लागली. पुढचं मला कंडक्टर म्हणून सांगता येतं. बसचा दिवस जिथे मावळतो तिथे लॉज उगवतं. जोशीमठ ते बद्रीनाथ हा रस्ता इतका अरुंद, की कित्येक वर्षं तिथे गेट होतं. ठरलेल्या वेळी खालच्या गाड्या सोडायच्या, मग त्या थांबवून वरच्या. शेवटचं गेट चुकलं की रात्र जोशीमठात. पिपलकोटी, गढवालातलं श्रीनगर, रुद्रप्रयाग ही गावंसुद्धा अशीच बसच्या वेळापत्रकावर फुगली. आणि मधल्या चट्ट्यांवर बस थांबेना. दोन-चार मैलांवरची दुकानं हळूहळू ओस पडली. काहींचं नाव तेवढं राहिलं. बद्रीनाथच्या अलीकडच्या हनुमानचट्टीला आपण चहा पितो, मारुतीला नमस्कार करतो आणि पुढे जातो. तिथे रात्र काढायची असते हे कोणाच्या मनात येत नाही.

१९७६ साली गढवाल मंडल विकास निगम निघालं, त्याची विश्रामगृहं झाली. अलीकडे सरकारी योजनेतून घरगुती मुक्काम वाढले आहेत. दोन्हींत आम्ही राहिलो आहोत, चांगली सोय असते. पण चार खोल्यांच्या घरात तेरा माणसं मावत नाहीत, आणि मोठ्या विश्रामगृहात मे-जूनमध्ये जागा मिळत नाही.

जागा निवडताना मी आणखी एक गोष्ट बघतो, ती इथल्या नद्यांनी शिकवली. १८९३च्या सप्टेंबरात बिरही गंगेवर गोहना इथे डोंगर कोसळून मोठं तळं साचलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी तारेची लाइन टाकली, पाणी कुठवर चढेल ते आधीच ठरवून नदीकाठची माणसं वर हलवली. १८९४च्या २५ ऑगस्टच्या रात्री बांध फुटला. श्रीनगर शहर धुऊन गेलं, पण गेली ती पाच माणसं : इशारा न मानता परत गेलेला एक फकीर आणि त्याचं कुटुंब. उरलेलं तळं १९७०च्या जुलैत गेलं, अलकनंदेला महापूर आला, आणि पिपलकोटी-जोशीमठ मार्गावरचं बेलाकुची, यात्रेच्या बसगाड्या थांबायचं गाव, नकाशावरून पुसलं गेलं. २०१३च्या जूनमध्ये केदारनाथच्या वाटेवरचा रामबाडा, पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू जिथे अर्ध्या वाटेवर टेकायचे ती जागा, पुरात नाहीशी झाली. नदीच्या काठावर, पाण्याचा देखावा दिसतो म्हणून जास्त भाडं घेणाऱ्या लॉजमध्ये मी गट उतरवत नाही. तरुण पोरं नाराज होतात. होऊ देत.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मात्र माझ्या हातात निवडायला काही उरलं नाही. श्रीनगरच्या पुढे दरड पडून चार तास गेले. चमोली ओलांडली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि पाऊस थांबत नव्हता. पुढच्या गावातल्या एका लॉजमध्ये पाच खोल्या ठरवून आगाऊ पैसे भरले होते. पोचलो तर खोल्या एका यात्रा कंपनीच्या बसला दिलेल्या. व्यवस्थापक नजर चुकवत राहिला, पैसे नंतर अर्धेच परत आले. बाकी सगळी लॉजं भरलेली. दोन पोरांचे ओठ निळे पडले होते. अंधारात पुढे जाऊ नका असं चौकीवरच्या पोलिसाने सांगितलं, तरी आम्ही हळूहळू सात-आठ किलोमीटर पुढे सरकलो. पाताळगंगेच्या अलीकडे एका वळणावर पत्र्याच्या दुकानात दिवा दिसला.

दुकानदार सत्तरीचे होते. त्यांनी गाड्या मोजल्या, माणसं मोजली, पोरांचे ओठ पाहिले. दुकानामागे जुनी दगडी लांबट खोली होती, सिमेंटची पोती आणि जुने टायर भरलेली. "पीछे जगह कर लो," ते म्हणाले. मी भाडं विचारलं. ते म्हणाले, "किराया क्या लेना? राशन यहीं से ले लो." आजीचं वाक्य मला गढवालातल्या एका वळणावर परत ऐकू आलं.

आम्ही पोती हलवली तेव्हा भिंतीलगत ओळीने पाच दगडी चुली निघाल्या, काठ काजळीने काळे आणि हात लावून लावून गुळगुळीत झालेले. त्यांच्या आजोबांची चट्टी जुन्या पायवाटेवर, थोडी वर होती. रस्ता झाला तेव्हा वडिलांनी दगड न्‌ दगड खाली आणून ही खोली बांधली, यात्रेकरू थांबतील म्हणून. काही वर्षं थांबलेही. मग बसगाड्या वेगात जायला लागल्या.

सहा किलो आटा, तीन किलो तांदूळ, कांदे, तेल, मीठ घेतलं. डाळ म्हणून त्यांनी घरासाठी भिजवलेली गहत काढली. झाकण उघडून पाहिलं तर आपले कुळीथ! माझ्या आईच्या हातचं माडगं आठवलं. ती शिजवायला त्यांनी भड्डू दिलं, जाड काशाचं, पोट सुटलेलं, आखूड गळ्याचं भांडं. रिकामंच उचलायला दोन हात लागले. मी ते पुसत असताना गळ्याखाली छिन्नीने ठोकलेला सातचा आकडा बोटाला लागला. हे काय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, आजोबांकडे अशी अकरा भांडी होती. यात्रेकरूला भांडं देताना आकडा लक्षात ठेवायचा, सकाळी राखेने घासून त्याच आकड्याचं परत घ्यायचं. वही नाही, सही नाही. बाकीची दहा काही विकली, काही बहिणींच्या लग्नात गेली. सात नंबर राहिलं.

चुली पेटल्या तशी खोली उबदार झाली. बूट अर्धवर्तुळात मांडले, हातमोजे दोरीवर. कुळीथ शिजायला दोन तास लागले आणि तेवढ्या वेळात सगळी मंडळी एका जागी बसून राहिली, तशी ती आमच्या कोणत्याही लॉजच्या मुक्कामात बसली नव्हती. एकाच्या गाडीचा मागचा ब्रेक लागत नव्हता, ते तेव्हा बाहेर आलं. दुसऱ्याने दोन दिवस लपवलेली गुडघ्याची सूज दाखवली. दुकानदार उंबऱ्यावर बसून बोलत होते आणि आमची तिशीतली पोरं फोन बाजूला ठेवून ऐकत होती. लोणंदला माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला दिंड्यांच्या राहुट्यांत रात्री जसं वातावरण असतं, चूल, ओले कपडे आणि दमलेल्या माणसांचं हळू बोलणं, तसंच होतं ते.

सकाळी पाऊस उघडला होता. मी भड्डू राखेने घासलं, आकडा वर येईल असं उपडं ठेवलं. शिध्याचे सातशे ऐंशी रुपये झाले. मी पुढे केलेले जास्तीचे पैसे त्यांनी परत माझ्या खिशात घातले. पोरांनी टायर आणि पोती पुन्हा रचायला घेतली, तर ते म्हणाले, राहू दे, खोली आता अशीच राहू दे.

तेव्हापासून आमच्या कागदावर बद्रीनाथच्या अलीकडचा मुक्काम तोच आहे. निघायच्या आठवडाभर आधी मी त्यांना फोन करतो. या वर्षीही केला. नाव सांगायच्या आत त्यांनी आवाज ओळखला. कितने आदमी, त्यांनी विचारलं. बारा, एकाचं लग्न आहे, मी म्हटलं. आटा किती, चावल किती, ते आम्ही ठरवलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "तारीख पक्की बताना. गहत एक रात पहले भिगोनी पड़ती है."